रातोरात तयार झालेला फ्लॅट

१. दार उघडलं आणि...

"अगं आई गं!"

टिकलीच्या तोंडून एवढंच निघालं. किल्ली फिरली, दार उघडलं, आणि आत फरशी होती! चकाचक पांढरी फरशी. भिंतींना रंग, खिडक्यांना काचा, छताला पंखे. हे मंगळवारी सकाळी. आणि परवा, रविवारी दुपारी, टिकली आणि तिचा दादा ह्याच फ्लॅटमध्ये उभे होते तेव्हा इथे काय होतं? उघड्या विटा, वीतभर धूळ आणि दाराच्या जागी नुसतं भोक.

थांबा, आधी भांडण काय ते सांगायला हवं, नाहीतर मजा नाही येणार.

आईबाबांनी हा फ्लॅट बुक केला तेव्हा टिकली शाळेत होती. अकरावा मजला, सगळ्यात वरचा. हट्ट आईचा. भाड्याच्या घरात डोक्यावर जे कुटुंब राहतं ते दिवसभर टेबलं, खुर्च्या, कपाटं काय वाट्टेल ते ओढत असतं, आणि आईचं डोकं ठणकतं. म्हणून ती म्हणाली होती, "मला असं घर घ्या, की वर फक्त आभाळ असेल." बाबांनी घेतलं. मग टिकली कॉलेजात गेली, नोकरीला लागली, मधेच बाबा गेले, पण ताबा काही मिळेना. साइट मॅनेजरला कधीही विचारा, "ताबा कधी?" तो मान डोलावून म्हणणार, "होईल, होईल." म्हणून त्याचं नावच होईलसाहेब पडलं.

शेवटी आईने पदर खोचला आणि बिल्डरवर केस टाकली. तर बिल्डरने कोर्टात काय सांगावं? "फ्लॅट केव्हाच तयार आहे, ह्याच बाई ताबा घ्यायला येत नाहीत, सबब आम्ही ह्यांचं बुकिंग रद्द करतोय." उलट्या बोंबा!

कोर्ट म्हणालं, भांडू नका, आमचा माणूस जाऊन बघेल. त्यासाठी एक म्हातारे इंजिनिअर नेमले, त्यांना सगळे पाहणीसाहेब म्हणायचे. ते फ्लॅट बघणार, अहवाल देणार. फ्लॅट अर्धवट निघाला तर आई जिंकली. तयार निघाला तर बुकिंग रद्द, घर गेलं. आणि पाहणी कधी आहे ते बिल्डरला त्याच सकाळी कळवायचं, असा कोर्टाचा सक्त हुकूम होता.

त्याच सकाळी! आणि तरी फरशी!

"बघा साहेब," होईलसाहेब हात पसरून म्हणाले, "राजवाडा आहे की नाही?"

पाहणीसाहेब टेप लावून भिंती मोजायला लागले. बाल्कनीला बाहेरून जाड हिरवी जाळी ताणून बांधलेली होती, कबुतरांसाठी म्हणे. त्यामुळे घरात अंधारगुडुप. होईलसाहेब भिंतीवर बटण चाचपडत होते, तेवढ्यात ॲडमिनने दारामागे हात घातला आणि पॅसेजचा दिवा लागला.

ॲडमिन म्हणजे ह्याच इमारतीतले दुसरे एक फ्लॅट घेणारे. फ्लॅटवाल्यांचा फोनवर ग्रुप होता, त्याचे ते ॲडमिन. रोज सकाळी ग्रुपवर 'लढा!' आणि खाली आवळलेल्या मुठीचं चित्र. बाकीच्यांच्या वतीने साक्षीदार म्हणून ते आले होते.

"आता पाणी बघा, पाणी!" होईलसाहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला. धाडकन असा फवारा आला, की पाहणीसाहेबांचा चष्मा, शर्ट, हातातले कागद सगळं चिंब.

"बंद करा हो!"

"होईल, होईल बंद..."

टिकलीला हसूही येत होतं आणि रडूही. ती ओट्याला टेकायला गेली तर ओटा थेट छातीला लागला.

"टिकले, इथे तुला स्टूल लागणार," दादा म्हणाला. तसं ते सगळं घराणंच ठेंगणं. टिकलीला टिकली म्हणतात ते उगाच नाही.

आई मात्र हॉलमध्ये मधोमध उभी होती, वर छताकडे बघत. "वर कोणीतरी काहीतरी ओढतंय गं."

"गच्चीवर कामगार असतील," होईलसाहेब म्हणाले.

"आई, तुझ्या कानांना भाड्याच्या घराची सवय लागलीये," दादा म्हणाला.

पाहणीसाहेबांनी ओल्या कागदावर लिहिलं. टिकलीने मान लांब करून वाचलं. दोनच शब्द होते: 'काम पूर्ण.'

२. मावशी कोणावरच विश्वास ठेवत नाही

दुसऱ्या दिवशी सकाळीच टिकली तडक मावशीकडे गेली. चपलाही धड काढल्या नाहीत.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेलं दुकान बघायला गेली की आधी मालकाचा चेहरा बघायची, मग राख. आता निवृत्त झाली, पण खोड गेली नाही. दूधवाल्याने गुड मॉर्निंग म्हटलं तरी ती विचारते, "का?"

"मावशी, त्यांनी दोन दिवसांत अख्खा फ्लॅट बांधला!"

"आधी बस. पाणी पी. आणि पहिल्यापासून सांग, गाळायचं काही नाही."

टिकलीने सगळं सांगितलं. फरशी, जाळी, दिवा, नळ, ओटा, आईचे कान, सगळं. फोनवरचे फोटोही दाखवले. रविवारचे आणि मंगळवारचे.

"रविवारचे हे फोटो कोर्टाला दाखवले का नाहीत?"

"वकीलबाई म्हणाल्या, उपयोग नाही. नुसत्या विटा दिसतायत. बिल्डर म्हणेल, ह्या कुठल्याही फ्लॅटच्या असतील."

"खरंय. मीही तेच म्हटलं असतं." मावशीने चष्मा कपाळावर चढवला आणि मंगळवारचा एक फोटो बोटांनी ताणून मोठा केला. स्वयंपाकघराच्या खिडकीचा कोपरा. "हे काय आहे?"

"कुठे? ते... जाळं आहे. कोळ्याचं."

"चांगलं ऐसपैस आहे की. रंगाचा वास येत होता?"

"बाहेर जिन्यापाशी येत होता. आत... नाही. आत नाही आला."

"म्हणजे कोळी सोमवारी राहायला आला, त्याने रंग वाळायची वाट बघितली आणि मंगळवारी सकाळी संसार थाटला?"

टिकलीने फोटो परत डोळ्यांजवळ नेला.

"टिकले, तो फ्लॅट रातोरात झालेलाच नाही. तो कधीचा तयार आहे."

"मग रविवारी आम्ही बघितला तो?"

"तोच तर प्रश्न आहे. रविवारी तुम्ही मजला चुकलात का?"

टिकली आठवायला लागली. रविवारी लिफ्ट बंद होती. वॉचमनची नजर चुकवून दोघं जिन्याने गेले होते. मजल्यांचे आकडे तेव्हा भिंतीवर नव्हतेच. चुकला असेल मजला? आपल्याच मूर्खपणामुळे आईचं घर जाणार?

"नाही," ती एकदम म्हणाली. "नाही चुकलो! आम्ही मोजलंच नाही ना काही. जिना संपेपर्यंत चढलो. दादाला धाप लागली म्हणून तो गच्चीच्या दाराला टेकून बसला होता. आणि मी त्याच्या लगत खालच्या, आपल्या फ्लॅटात विटेचा तुकडा घेऊन बेडरूमच्या भिंतीवर चौकोन काढला, आईचा पलंग कुठे येईल त्याचा."

"आणि मंगळवारी वर कसे गेलात?"

"लिफ्टने. आतून सगळीकडे प्लायवूड ठोकलेलं, नव्या लिफ्टला ओरखडे पडू नयेत म्हणून. होईलसाहेबांनीच फटीतून हात घालून बटण दाबलं. वर उतरलो तर भिंतीवर हा एवढा मोठा अकराचा आकडा."

"जिन्याने वर गेलात?"

"जिन्यात सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या."

मावशी हसली. ती हसली की भीती वाटते.

"फ्लॅटचं कोडं मला साधारण उमगलंय. पण ते आत्ता बोलायचं नाही. कोणापुढेही नाही, आईपुढेही नाही. कारण पाहणीची बातमी बिल्डरला आधीच लागली, त्याशिवाय ही सगळी तयारी होत नाही. मंगळवारचं कोणाकोणाला माहीत होतं?"

"आई, मी, दादा, वकीलबाई आणि ॲडमिन. बस."

"आईला सोड. तुलाही सोडते, तात्पुरतं."

"तात्पुरतं?"

"राहिले तिघं," मावशी म्हणाली. "चप्पल घाल."

३. दादा, वकीलबाई आणि नको ते उत्तर

दादा आधी चिडला, मग घामेजला.

"मावशी, तू माझ्यावर संशय घेतेस?"

"मी सगळ्यांवर घेते, तुला वगळलं तर तुझा अपमान होईल. फोन दे."

फोन दिला. आणि टिकलीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गेल्या आठवड्यात होईलसाहेबांना फोन. एक नाही, बरेच.

"दादा!"

"ऐक ना... ऐक ना टिकले! मी फक्त विचारत होतो. केस मागे घेतली तर भरलेले पैसे परत देणार का. मला ह्या सगळ्याचा वीट आलाय. कोर्ट, तारीख, कोर्ट, तारीख. आई झिजत चाललीये. वाटलं, पैसे घ्यावेत आणि दुसरीकडे कुठेतरी लहानसं घर बघावं."

"आईला विचारलंस?"

"कुठल्या तोंडाने विचारू?"

"आणि पाहणीचं बोललास त्यांच्याशी?"

"शप्पथ नाही. वकीलबाईंनी शनिवारी सांगितलं ना आपल्याला? त्यानंतर मी फोनच केलेला नाही. बघ तूच."

मावशीने बघितलं. शनिवारनंतर खरंच एकही फोन नव्हता. पण मावशीचा चेहरा काही सैल पडला नाही. "फोन पुसता येतो," एवढंच म्हणाली. बिचारा दादा!

तिथून दोघी वकीलबाईंच्या ऑफिसात. एक खोली, तीन टेबलं, फायलींचे डोंगर, आणि त्यांच्या मागून कुठूनतरी वकीलबाईंचा आवाज. टिकलीला एक गोष्ट आधीपासून खुपत होती, ती तिने वाटेत मावशीला सांगितली. सोमवारी कोर्टाच्या कँटीनमध्ये तिने वकीलबाईंना बघितलं होतं. कोणाबरोबर? बिल्डरच्या वकिलाबरोबर! एकाच बशीतून बिस्किटं खाताना!

मावशीने आडपडदा ठेवलाच नाही. "बिल्डरच्या वकिलाबरोबर चहा का पीत होतात?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कारण तो माझा दीर आहे."

"काय?" टिकली जवळजवळ किंचाळली.

"सख्खा. एका घरात राहतो आम्ही. आणि केस सुरू झाल्या दिवशी मी तुझ्या आईला ते सांगितलंय, तिने हो म्हटल्यावरच कागद हातात घेतले. घरी केसबद्दल चकार शब्द नाही, असा सासूबाईंचा नियम आहे. मोडला तर दोघांचंही जेवण बंद. आणखी काही?"

"आहे ना," मावशी म्हणाली. "आईने हो म्हटलं, मी नाही. सासूबाईंचा फोन नंबर द्या."

दिला की! आणि मावशीने तिथल्या तिथे लावला. पलीकडून सासूबाईंनी जे काही सुनावलं ते टेबलापर्यंत ऐकू येत होतं. धाकट्या मुलाला शनिवार-रविवार ताप होता, फोन आपण स्वतः काढून घेतला होता, आणि आपल्या घरावर शंका घेणारी तू कोण गं?

मावशीने फोन ठेवला. "बाई खऱ्या वाटतात."

"अहवाल परवा कोर्टात जातोय," वकीलबाई घाईने म्हणाल्या. "नुसत्या संशयावर मी काही करू शकत नाही. मला काहीतरी हातात द्या."

"पाहणीसाहेबांना उद्या परत साइटवर आणाल?"

"कारण काय सांगू?"

मावशी वाकली आणि वकीलबाईंच्या कानात काहीतरी पुटपुटली. वकीलबाईंचे डोळे गोल झाले. "हे... हे त्यांनी खरंच बघितलं नाही की हो!"

"काय? काय नाही बघितलं?" टिकलीने विचारलं.

"बाकीच्यांना सांगा, बाथरूमच्या फरश्या परत मोजायच्यात," मावशी म्हणाली. "फक्त फरश्या."

टिकलीचा जीव नुसता टांगणीला. विचारून विचारून तोंड दुखलं, पण मावशी ढिम्म.

४. काकूंची पाठ

ॲडमिनकडे गेल्या तेव्हा ते सोफ्यात बसून ग्रुपवर मूठ पाठवत होते.

"या, या! हरायचं नाही हं टिकली. लढायचं!"

"लढतोय ना," मावशी म्हणाली. "तुमचा फ्लॅट कितवा हो?"

"सहावा. तुमच्याच बरोबर खाली, पाच मजले उतरून. नकाशा तोच. आमचंही तेच रडगाणं, फरशीचा पत्ता नाही."

"बघून आलात?"

"कशाला जीव जाळायचा? मी तर महिनोन्महिने फिरकलो नाही तिकडे. कालच आलो, तुमच्या आईसाठी."

आतून काकूंनी हाक मारली, "चहा टाकलाय, साखर किती?" आणि टिकली मदतीला म्हणून स्वयंपाकघरात गेली. काकू म्हणजे ताडमाड बाई. दारातून येताना मान वाकवावी लागते. भाड्याचं घर, बुटका ओटा, आणि काकू त्याच्यावर अशा ओणव्या, की बघूनच टिकलीची पाठ दुखायला लागली.

"हे बघ माझे हाल," काकू हसत म्हणाल्या. "लग्नापासून ओट्यापुढे अशीच वाकलेय. पण आता थोडेच दिवस. नव्या घरात मी ह्यांना सांगूनच ठेवलंय, ओटा माझ्या मापाचा..."

"अगं, चहा आण की!" बाहेरून ॲडमिन एवढ्या जोरात ओरडले, की काकूंच्या हातातली गाळणी पडली.

टिकली तशीच उभी. ओटा. माझ्या मापाचा. छातीला लागलेला थंडगार दगड. 'टिकले, तुला इथे स्टूल लागणार.'

तिने चहा कसा नेला, कसा प्यायला, काही आठवत नाही. रस्त्यावर आल्या आल्या तिने मावशीचा दंड धरला.

"मावशी! ओटा!"

"हळू बोल. ऐकलं मी."

"म्हणजे तो फ्लॅट..."

"उद्या," मावशी म्हणाली. "आज तू जे बोलशील ते उद्यापर्यंत सहाव्या मजल्यावरून पुसलं जाईल."

५. किल्ली नाही? नको

दुसऱ्या दिवशी परत तीच वरात. पाहणीसाहेब, वकीलबाई, आई, दादा, टिकली, ॲडमिन, पुढे होईलसाहेब. फक्त ह्या वेळी मावशी जादा. परत तीच प्लायवूडची लिफ्ट, परत फटीतून बटण, परत भिंतीवर तो मोठा अकरा. किल्ली फिरली. पांढरी फरशी. सगळं जागच्या जागी.

"मोजा साहेब, बाथरूम मोजा," होईलसाहेब म्हणाले.

"बाथरूम राहू द्या." वकीलबाई पुढे आल्या. "साहेब, हा सगळ्यात वरचा फ्लॅट. गच्चीतून ओल झिरपते का, ते तुम्ही त्या दिवशी बघितलं नाहीत. ते बघायला आपण गच्चीवर जायचंय."

पाहणीसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, हो की! वरच्या मजल्याची पाहणी गच्चीशिवाय पुरी होत नाही. राहिलंच ते माझ्याकडून. चला."

होईलसाहेबांचा चेहरा असा उतरला म्हणता! "गच्ची... गच्चीची किल्ली नाही आज. ऑफिसात आहे. उद्या होईल."

"किल्ली नसली तर नसू द्या," मावशी गोड आवाजात म्हणाली. "किल्ली गच्चीच्या दाराला लागते, जिन्याला नाही. एकच तर जिना चढायचा. दारापर्यंत जाऊ, बाहेरूनच बघू. काय साहेब?"

"पण जिन्यात गोण्या आहेत!"

"दादा, गोण्या बाजूला कर."

दादा अस्तन्या सावरून असा काही सुटला, की दोन मिनिटांत वाट मोकळी. पाहणीसाहेब पुढे, बाकी मागे. एक जिना चढले. समोर गच्चीचं दार असायला हवं.

दार नव्हतंच. होता आणखी एक मजला!

विटांच्या भिंती, धूळ, आणि दोन कामगार चौकटी ओढत नेत होते. खर्र... खर्र...

"बघा!" आई एकदम म्हणाली. "हाच आवाज! मी सांगत होते ना, वर कोणीतरी काहीतरी ओढतंय! कोणी ऐकेल तर शपथ!"

"हा कितवा मजला?" पाहणीसाहेबांनी होईलसाहेबांना विचारलं. होईलसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा 'होईल' म्हणता येईना.

"मी सांगते," मावशी म्हणाली. "सातवा. आणि आपण खाली उभे होतो तो सहावा. भिंतीवर नुसता अकरा रंगवला, दारावरची पाटी बदलली, बाल्कनीला जाळी लावली, म्हणजे उंची कळायला नको. लिफ्ट मधूनच थांबवली. एका खाली एक सगळे फ्लॅट सारखेच, कोणाला काय कळणार? पण साहेब, तुमचा शर्ट कशाने भिजला होता?"

"नळाने."

"इमारतीची टाकी कुठे?"

पाहणीसाहेबांनी स्वतःच्या टकलावर थाप मारली. "गच्चीवर! अहो, टाकीच्या लगत खाली पाण्याला जोर कुठून येणार? सगळ्यात वरच्या फ्लॅटात नळ नुसता करंगळीएवढा वाहायला हवा. माझा चष्मा चिंब झाला होता, आणि माझ्या डोक्यात आलं नाही!"

"बिल्डरलोकांची खोडच ती," मावशी म्हणाली. "गिऱ्हाइकासमोर नळ सोडायचा तो पूर्णच सोडायचा. थोडाच सोडला असता तर खपून गेलं असतं."

टिकलीला आता राहवेना. "आणि तो सहाव्यावरचा फ्लॅट कोणाचा, ते मी सांगू?"

सगळे वळले. ॲडमिन जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते.

"पॅसेजमधला दिवा," टिकली म्हणाली. "होईलसाहेब स्वतः बटण शोधत होते, ते यांनी न बघता लावलं. दारामागचं. फ्लॅट नेहमीसारखा बांधला असता तर बटण दारामागे कशाला असेल? ते ह्यांनी सांगून तिथे बसवून घेतलंय. आणि ओटा. आमच्या घरात त्या ओट्याला हात पुरेल असं कोणी जन्माला आलेलं नाही. तो काकूंच्या मापाचा आहे. हे म्हणतात महिनोन्महिने फिरकलो नाही. सगळी इमारत उघडी पडलीये आणि एकच फ्लॅट तयार आहे, ह्यांचा. कसा काय हो, ॲडमिन?"

कामगारांनीही हातातली चौकट खाली ठेवली.

"त्यांनी मला फक्त विचारलं होतं," ॲडमिन शेवटी म्हणाले. आवाज असा की ओळखू येऊ नये. "ग्रुपमध्ये काय चाललंय ते कळवत जा, तुमचं काम आधी करून देतो. मी कळवत गेलो. पाहणीचंही कळवलं. मला वाटलं, ते तुमच्याकडे दोन मजूर पाठवतील, थोडी रंगरंगोटी करतील. खरं सांगतो. माझ्याच घरात आणतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. दार उघडलं, आणि... माझंच घर."

"आणि तुम्ही दिवा लावलात," आई म्हणाली.

"हात गेला, वहिनी. सवयीने."

"बोलता आलं असतं. तिथेच."

"बोललो असतो तर तिची पाठ..." ते थांबले.

"लढा म्हणे," दादा पुटपुटला. "रोज सकाळी मूठ! अहो, ती मूठ आमच्या पाठीत होती."

पाहणीसाहेबांनी बॅगेतून जुना कागद काढला. 'काम पूर्ण' वर आडवी रेघ मारली, खाली सही ठोकली, आणि होईलसाहेबांकडे वळले. "आता खरा अकरावा मजला दाखवा. आणि लिफ्ट नको. मी चालत येणार आहे."

६. वर

चढता चढता सगळ्यांची वाट लागली. पाहणीसाहेब प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेत होते आणि प्रत्येक मजल्यावर कागदावर काहीतरी कडक लिहीत होते. होईलसाहेब मागे मागे, तोंड मिटून. ॲडमिन सातव्यावरच राहिले.

जिना संपला. गच्चीचं दार आलं, त्याला भलंमोठं कुलूप. आणि त्याच्या लगत एक जिना खाली, दाराच्या जागी भोक असलेला तो फ्लॅट. उघड्या विटा, वीतभर धूळ, बाल्कनीला कठडासुद्धा नाही. धुळीत दोन जोड्या पावलांचे ठसे, रविवारचे.

"आणि हा माझा चौकोन!" टिकली बेडरूमच्या भिंतीकडे धावली. विटेने काढलेला वाकडातिकडा चौकोन जिथल्या तिथे होता.

पाहणीसाहेबांनी त्याचा फोटो काढला, मग नळाच्या जागेचा, जिथे नळ नव्हता, मग ओट्याच्या जागेचा, जिथे ओटा नव्हता. वकीलबाई हळूच दिराला फोन लावत होत्या. घरी बोलायचं नाही, पण ही काही घरची जागा नव्हती.

"बुकिंग रद्द करणार होते ना?" त्या फोनवर म्हणत होत्या. "आता तुमच्या अशिलाला सांगा, कोर्टाला फसवल्याबद्दल त्यांनाच उभं राहायचंय. घर तर पुरं करून द्यावं लागेलच. नाही, नाही, जेवायला यायला उशीर होईल मला."

दादा आईजवळ जाऊन उभा राहिला. पायाने धूळ उकरत. "आई, मी त्यांना... पैशांचं विचारलं होतं. तुला न सांगता."

"माहीतेय," आई म्हणाली. "तू झोपेत बडबडतोस."

मावशीने लगेच वळून विचारलं, "आणखी काय बडबडतो?"

"गप गं तू आता."

आई चौकोनासमोर जाऊन उभी राहिली, जिथे तिचा पलंग येणार होता तिथे बरोबर. फरशी नाही, दार नाही, काही नाही. तिने मान वर केली. टिकली बघत होती. आई छताकडे बघत नव्हती, कान देऊन ऐकत होती. बराच वेळ.

"काय गं आई?" टिकलीने विचारलं. "येतोय का आवाज?"

"शूऽऽ," आई म्हणाली, आणि डोळे मिटून हसली. "काही म्हणजे काहीच नाही."